सडा बघायचा तर मिरगात या

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

मागच्या आठवड्यात तुमच्या जिल्हा पानावर बातमी आली होती की आमच्या भागातल्या एका सड्यावर (सडा म्हणजे कोकणातलं जांभ्या दगडाचं उघडं पठार) मोठा प्रोजेक्ट येतोय, जागा सगळी 'ओसाड कातळ' आहे, तिथे काही उगवतच नाही, त्यामुळे पर्यावरणाचं नुकसान व्हायचा प्रश्नच येत नाही. बातमी लिहिणाऱ्यावर माझा राग नाही, त्याला जे सांगितलं गेलं ते त्याने लिहिलं. पण तो 'ओसाड' शब्द वाचला आणि दोन रात्री नीट झोप लागली नाही म्हणून हे पत्र लिहितेय, लांबलं तर समजून घ्या आणि कापावं लागलं तर कापा, फक्त पावसाळ्याबद्दल लिहिलंय तेवढं कापू नका.

मी वनस्पतीशास्त्रात एमएस्सी केलंय आणि गेली १९ वर्षं फील्ड बायोलॉजिस्ट म्हणून काम करतेय. म्हणजे कुठे रस्ता, खाण, धरण, पवनचक्क्या, कारखाना येणार असेल तर त्याआधी त्या जागेवर कोणती झाडंझुडपं, गवतं, पक्षी, बेडूक, साप, प्राणी आहेत याची नोंद करायची, तो आमचा धंदा. कधी वनखात्यासाठी, कधी ग्रामपंचायतीच्या जैवविविधता नोंदवहीसाठी, कधी कन्सल्टन्सीकडून. कायम नोकरी अशी नाही, कामाप्रमाणे पैसे. शिक्षण झाडांचं असलं तरी प्राण्यांचंही फील्डवरच शिकले, कारण आमच्या लाईनीत एकाच माणसाला दोन्ही करायला लावतात.

माझं सड्यावरचं पहिलं मोठं काम एप्रिल महिन्यात होतं. एका कन्सल्टन्सीने चार दिवसांसाठी पाठवलेलं, नाव लिहीत नाही. कोकणात ज्यांनी एप्रिलमधला सडा बघितलाय त्यांना सांगायला नको, दहा वाजल्यानंतर कातळ पायाला तव्यासारखा लागतो, चपलेतून चटका येतो, काळा पडलेला जांभा, भेगांमधे वाळलेलं गवत, कुठेतरी करवंदीची जाळी, एखादी टिटवी उगाच डोक्यावर ओरडत फिरते (उगाच नाही, तिची अंडी तिथेच कातळावर उघड्यावर असतात, पण ते मला तेव्हा समजलं नव्हतं). मी चार दिवस क्वाड्रॅट टाकले, म्हणजे दोरीने मीटर बाय मीटरचा चौकोन करायचा आणि त्यात काय काय आहे ते मोजायचं. बऱ्याच चौकोनांत वाळक्या काड्यांपलीकडे काही मिळालं नाही.

तिसऱ्या दिवशी एक गवळी धनगर मामा म्हशी घेऊन आले, बराच वेळ माझ्याकडे बघत उभे राहिले आणि म्हणाले, "आता काय दिसणार हाय बाय तुला? मिरगात ये, मंग बघ सडा."

मिरग म्हणजे मृग नक्षत्र, जूनमधे पाऊस सुरू होतो ते दिवस. मी ते वहीत लिहून घेतलं. रिपोर्ट दिला तेव्हा शेवटी वाक्य टाकलं की ही नोंद उन्हाळ्यातली आहे, पावसाळ्यात पुन्हा सर्व्हे केल्याशिवाय निष्कर्ष काढू नये. छापील रिपोर्ट हातात आला तेव्हा ते वाक्य नव्हतं. त्याजागी इंग्रजीत एक ओळ होती, तिचा अर्थ असा की प्रकल्पक्षेत्रात कोणतीही दुर्मिळ किंवा संकटग्रस्त प्रजाती आढळली नाही. खोटं म्हणाल तर खोटं नाही, मला आढळली नव्हतीच. पण 'आढळली नाही' आणि 'नाही' यात केवढं अंतर आहे ते मला त्याच वर्षी जूनमधे समजलं, आणि तेव्हापासून मी हे एकच सगळ्यांना सांगत आलेय, की सड्याचा सर्व्हे पावसाळा सोडून करू नका.

जूनमधे मी स्वतःच्या खर्चाने एसटीने गेले, पाऊस सुरू होऊन आठ दहा दिवस झाले होते. ज्या भेगांमधे एप्रिलमधे काड्या होत्या त्यात मातीखालचे कांदे फुटून हिरवी पाती वर आलेली, आणि त्यात पांढऱ्या फुलांचे तुरे, दीपकाडी. तिचं शास्त्रीय नावच मुळी 'दीपकाडी कोंकणेन्स' आहे, कोकण किनारपट्टीच्या सड्यांवरचं झाड ते. पहिल्या पावसाबरोबर फुलते आणि लवकर आटपते, जुलै संपता संपता गेलात तर गवतात शोधूनही हाती लागणार नाही. म्हणजे जून चुकला की त्या वर्षीची नोंद गेली. जगात मोजक्या जागी उरलेलं झाड आणि त्याला बघायची खिडकी एवढीच.

मग मी त्या वर्षी दर पंधरा दिवसांनी जात राहिले, दसऱ्यापर्यंत. जुलैमधे कातळावरच्या खळग्यांमधे पाणी साठतं, काही खळगे ताटाएवढे, काही अंगणाएवढे, आणि प्रत्येकाच्या काठाला वेगळी वस्ती. उथळ पाण्यात गेंद, पांढरी बटणं टाचून ठेवल्यासारखी. ओल्या दगडावर सीतेची आसवं, जांभळी निळी, एवढं नाजूक झाड पण मुळाशी त्याच्या सूक्ष्म पिशव्या असतात आणि त्यात ते पाण्यातले बारीक जीव ओढून घेतं. शेजारी दवबिंदू, त्याच्या केसांवर चिकट थेंब, मुंगी नाहीतर चिलट चिकटलं की पान हळूहळू वळतं. हे असं का, तर सड्यावर माती बोटभर, त्यात नत्र जवळपास नाहीच, म्हणून तिथली झाडं किडे खायला शिकली. मला हे पुस्तकात वाचून माहिती होतं, पण गुडघ्यावर बसून भिंगातून बघितलं तेव्हा रडू आलं, सांगायला लाज वाटत नाही, खरंच आलं. ऑगस्टमधे कवला आणि आभाळी, गौरीच्या सुमारास तेरडा, आमच्याकडे गौर आणायची ती तेरड्याचीच. सप्टेंबर ऑक्टोबरमधे पाणी आटायला लागलं की गवतं फुलोऱ्यावर येतात, आणि गवत ओळखायचं ते फुलोरा आणि दाणा बघूनच, नुसत्या पात्यावरून छातीठोकपणे नाव सांगता येत नाही. सड्यावर ग्लायफोक्लोआ नावाच्या गवतांचा एक गट आहे तो मुख्यतः पश्चिम घाट आणि किनारपट्टीवर आहे, भारताबाहेर जगात कुठे नाही. एप्रिलमधे तेच गवत माझ्या चौकोनात वाळकी काडी म्हणून होतं आणि मी वहीत 'वाळलेले गवत' एवढंच लिहिलं होतं.

एप्रिलची माझी यादी एका पानाची होती. दसऱ्याला झाली ती चार पानं भरून. जागा तीच, चौकोन तेच, माणूसही तोच.

आता नियमाचं बोलते, कारण लोकांना वाटतं कोणीतरी पैसे खाल्ले म्हणून असं होतं, आणि प्रत्येक वेळी तसं नसतं. पर्यावरण आघात मूल्यांकन, ज्याला सगळे ईआयए म्हणतात, ते २००६ च्या अधिसूचनेप्रमाणे चालतं. त्यात बऱ्याच प्रोजेक्टना एका ऋतूचा डेटा पुरतो आणि तो ऋतू पावसाळा सोडून घ्यायचा असतो. यामागे कारण आहे आणि ते चुकीचं नाही. हवेतली धूळ मोजायची तर पावसाने धूळ बसलेली असते, आकडे कमी येतात, म्हणून कोरड्या दिवसात मोजा. धुळीसाठी बरोबर आहे. पण धुळीची मशीन लावायला जी गाडी जाते त्याच गाडीत झाडं आणि प्राणी मोजणारा माणूस बसवतात, खर्च वाचतो, आणि धुळीसाठी केलेला नियम दीपकाडीला लागू होतो. आंब्याच्या झाडाला नोव्हेंबरमधे आंबा नाही म्हणून हे झाड वांझ आहे असं कोणी सातबाऱ्यावर लिहिलं तर चालेल का, तसं हे आहे.

आणि म्हणून उन्हाळ्यात जाऊच नका असंही मी म्हणत नाहीये. साताऱ्याजवळ चाळकेवाडीचं पठार आहे, पवनचक्क्यांचं, तिथे मे महिन्यात नर सरडे दगडावर चढून गळ्याचा पंखा उघडतात, निळा काळा केशरी, लांबून चमकतो. शास्त्रज्ञांनी २०१६ मधे या सरड्यांचा नवा गट वेगळा केला आणि त्याचं शास्त्रीय नाव ठेवलं 'सरडा', आपला मराठी शब्द, आणि चाळकेवाडीच्या जातीला नाव दिलं 'सरडा सुपर्बा'. त्याच पठारावरचा अभ्यास २०१८ मधे प्रसिद्ध झाला, पवनचक्क्यांच्या भागात शिकारी पक्षी जवळपास चौपट कमी, त्यामुळे सरडे वाढले आणि त्यांचं वागणंही बदललं. हे कळायला लोक त्या पठारावर किती दिवस राबले असतील याचा विचार करा, चार दिवसांच्या फेरीत हे हाताला लागत नाही. टिटवीची, चंडोलाची अंडी उन्हाळ्यात, सरड्याचा पंखा मे मधे, दीपकाडी जूनमधे, आंबोलीतली ती छोटी टोड जी २००९ मधे नवीन जात म्हणून नोंदली गेली, ती सुरवातीच्या पावसात थोडेच दिवस अंडी घालायला बाहेर येते, सीतेची आसवं श्रावणात, गवतं नवरात्रात. सड्याचं पंचांग असं आहे, एका तिथीला सगळे सण येत नाहीत.

डेटा खोटा असला की काय होतं याची उदाहरणं आपल्याच राज्यात आहेत. रानपिंगळा नावाचं छोटं घुबड, १८८४ नंतर कोणालाच दिसलं नव्हतं, संपलं असंच धरून चालले होते. मधे एका ब्रिटिश पक्षीसंग्राहकाने, कर्नल माइनर्ट्झहागेनने, आपण १९१४ मधे गुजरातेत हा पक्षी मिळवला असं लेबल लावून एक नमुना संग्रहालयात ठेवला होता. नंतर उघड झालं की तो नमुना दुसऱ्या कोणाचा तरी चोरलेला आणि लेबल खोटं. लोक त्या खोट्या लेबलवर विसंबून भलत्या ठिकाणी शोधत राहिले. शेवटी १९९७ मधे पामेला रासमुसेन आणि त्यांच्या साथीदारांनी जुन्या खऱ्या नमुन्यांच्या जागा धरून शोध घेतला आणि पक्षी आपल्या शहाद्याजवळ दिसला, ११३ वर्षांनी. एक खोटं लेबल एवढी वर्षं नडलं. आमचे रिपोर्ट म्हणजे जमिनीचं लेबलच की.

आणि रत्नागिरी जिल्ह्यातलंच घ्या, एका बॉक्साईट खाणीचा रिपोर्ट साधारण २००७ च्या सुमारास गाजला होता, त्यात पक्ष्यांचा अधिवास म्हणून स्प्रूस आणि बर्च झाडांची जंगलं लिहिली होती. कोकणात! रशियातल्या खाणीच्या रिपोर्टातला मजकूर उचलून तसाच चिकटवला होता. गोव्यात मोपाच्या पठारावरच्या विमानतळाची पर्यावरण मंजुरी सुप्रीम कोर्टाने मार्च २०१९ मधे स्थगित केली, कारण अर्जात आणि अहवालात द्यायची ती माहिती नीट दिलेली नव्हती, पुढे जानेवारी २०२० मधे स्थगिती उठली आणि विमानतळ झाला. मी त्या निकालाची कॉपी प्रिंट काढून ठेवली आहे, नवीन मुलं कामाला आली की वाचायला देते.

आता आमच्या कामाबद्दल थोडं, कारण लोकांना वाटतं हे कॅमेरा घेऊन फिरतात, मजा आहे. सड्यावर सुट्या दगडाखाली एक छोटी पाल असते, अंगावर पांढरे पट्टे, १९६३ मधे शास्त्राने तिची नोंद घेतली, रत्नागिरी सिंधुदुर्गाच्या सड्यांवरची. तिला बघायचं तर दगड उचलावे लागतात, आणि त्याच दगडांखाली फुरसं बसलेलं असतं. म्हणून दगड पलीकडच्या कडेला धरून आपल्याकडे उचलायचा, म्हणजे उघडी बाजू समोर जाते आणि मधे दगड आडवा राहतो. बघून झालं की दगड होता तसाच, त्याच बाजूने, त्याच खाचेत ठेवायचा, कारण त्याच्याखालचा ओलावा आणि सावली हेच त्या पालीचं घर. मी नवीन मुलांना पहिल्या दिवशी हेच शिकवते, नावं नंतर. आणि हे दगड गोळा करून गडगा घातला किंवा जेसीबीने एका बाजूला ढकलले की वरून सडा तसाच दिसतो पण खालची वस्ती गेली, आणि ते रिपोर्टात कधीच येत नाही.

झाडाचा नमुना घ्यायचा तर जुन्या वर्तमानपत्राच्या घडीत दाबून वाळवतात, हर्बेरियमची, म्हणजे वाळवलेल्या झाडांच्या संग्रहाची, पद्धतच आहे ती, तुमच्या पेपरची रद्दी मी किलोने घेते. पावसाळ्यात हवा एवढी दमट की रोज कागद बदलावे लागतात नाहीतर बुरशी येते, लॉजवर रात्री अकरा वाजता इस्त्रीने कागद वाळवत बसायचं, लाईट गेली की चुलीशेजारी. पुण्याला भारतीय वनस्पती सर्वेक्षणाच्या हर्बेरियममधे जुने नमुने बघायला गेले होते, शंभर वर्षांपूर्वी कोणीतरी असाच भिजत गोळा केलेला नमुना, शाईने लिहिलेलं गाव, तारीख. थिओडोर कुक यांनी १९०१ ते १९०८ मधे मुंबई इलाख्याच्या वनस्पतींचे खंड काढले ते अशाच नमुन्यांवर, आणि आजही झाड अडलं की आम्ही तेच उघडतो. तारीख आणि जागा खरी लिहिली म्हणूनच ते आज उपयोगी पडतात. म्हणून माझ्या रिपोर्टातलं एक वाक्य कोणी काढलं तर मला ते एवढं लागतं.

पैसे कोण देतं हेही लोकांना माहिती पाहिजे. ज्याचा प्रोजेक्ट तोच कन्सल्टंट नेमतो, तोच फी देतो, आणि कन्सल्टंट आम्हाला देतो. तिथे बसून 'पावसाळ्यापर्यंत थांबा' म्हणायला छाती लागते, कारण थांबणं म्हणजे सहा महिने आणि सहा महिने म्हणजे व्याज. मी तसं म्हटलं आणि दोन ठिकाणची कामं गेली. माझ्याबरोबरची एक हुशार मुलगी, ऑर्किडची नजर अशी की चालत्या जीपमधून फांदीवरचं ओळखायची, ती हे सोडून बँकेत लागली आणि मी तिला बोल लावू शकले नाही, घरात आजारी वडील होते आणि आमचं बिल आठ आठ महिने येत नाही. माणूस कायम नोकरीत नसेल, त्याची सही रिपोर्टवर नसेल, त्याच्या नोंदी कोणी मूळ स्वरूपात बघणार नसेल तर तो खरं लिहील कशाच्या जोरावर? ग्रामपंचायतींच्या जैवविविधता नोंदवह्यांचंही तेच झालं, कायदा २००२ चा, पण हरित लवादाने ३१ जानेवारी २०२० ची मुदत दिली तेव्हा कुठे पळापळ झाली, आणि घाईत झालेल्या काही वह्या मी बघितल्यात त्यात किनाऱ्यावरच्या आणि घाटमाथ्यावरच्या गावाची यादी शब्दाला शब्द एक. मुदत संपली, वही झाली, त्या मामांना कोणी विचारलंच नाही.

'ओसाड' शब्दाचं मूळ मला वाटतं महसुली कागदात आहे. सातबाऱ्यावर कातळ लागला की पोटखराबा, म्हणजे लागवडीला आणि साऱ्याला निरुपयोगी. सरकारी भाषेत पडीक. साऱ्याच्या हिशोबाचा शब्द होता तो, आपण तो जिवंतपणाचा दाखला म्हणून वाचायला लागलो. मग पडीक आहे तर झाडं लावा. राज्यात २०१६ ला २ कोटी, २०१७ ला ४ कोटी, २०१८ ला १३ कोटी आणि २०१९ ला ३३ कोटी झाडं लावायची उद्दिष्टं होती. झाडं लावण्याला माझा विरोध कसा असेल, आयुष्य झाडांत गेलं. पण जागा कुठून आणणार तर गायरान, माळ, सडा, आणि लावणार काय तर लवकर वाढणारी गिरीपुष्प नाहीतर ऑस्ट्रेलियन बाभूळ. गवताळ माळावर दाट सावली पडली की गवत मरतं, गवत गेलं की चंडोल, ससा, खोकड, लांडगा यांचं सगळंच गणित बिघडतं. सोलापूरकडे माळढोकाचं नान्नज आहे, अभयारण्य १९७९ चं, माळढोकाला लांबवर मोकळं दिसणारं गवत लागतं, आणि आज महाराष्ट्रात माळढोक दिसणं जवळपास संपलंय. त्याला कारणं पुष्कळ आहेत, शेतीची पद्धत बदलली, विजेच्या तारा आल्या, पण मोकळ्या माळाला 'रिकामी जागा' समजायची सवय हेही त्यातलं एक, असं माझं मत आहे.

यावर मला गावात नेहमी विचारतात, आणि रागाने विचारतात, की मॅडम तुमची फुलं ठीक आहेत पण आमची पोरं मुंबईला दहा बाय दहाच्या खोलीत राहतात, कातळ विकला तर चार पैसे येतील, तुम्ही कोण सांगणार? त्यांचं बरोबर आहे. कातळाचा मालक हा काही श्रीमंत माणूस नसतो, भाताची दोन वाफं खाली आणि वर वरकस (हलकी, उताराची जमीन) आणि कातळ, एवढीच इस्टेट. त्याने चिरेखाणीला दिला, आंब्याच्या कलमांसाठी सुरुंग लावले, तर त्याला मी नावं ठेवणार नाही. पण त्याला विकायच्या आधी पूर्ण माहिती मिळायला पाहिजे की नको? सड्यावर पडलेलं पाणी जांभ्यातून झिरपून खाली वाडीच्या विहिरीला, झऱ्याला येतं, वर सिमेंट झालं तर खाली मे महिन्यात काय होईल हे त्याला कोणी सांगितलंय का? सड्यांवरची कातळशिल्पं तर पिढ्यान् पिढ्या लोकांच्या पायाखाली होती, कोणी किंमत केली नाही, २०२२ मधे युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली आणि आता गाड्या थांबवून लोक बघतात. कास पठार २०१२ पासून जागतिक वारसा आहे, तिथे हंगामात आजूबाजूच्या गावांच्या समित्या व्यवस्थापन बघतात, गावच्या पोरांना काम मिळतं. कासला गर्दीचे त्रास आहेत, मी ते बघितलेत, आणि प्रत्येक सड्याचा कास होणार नाही, व्हायलाही नको. पण मालकाला दगड विकण्यापलीकडे काही पर्याय आहेत हे तरी समोर ठेवा, आणि सडा सांभाळायला सांगताय तर त्याला त्याचा मोबदला द्या, फुकटात सांभाळायला सांगू नका.

माझं मागणं फार मोठं नाही. सड्यावर, पठारावर, माळावर प्रोजेक्ट असेल तर झाडाप्राण्यांचा सर्व्हे धुळीच्या सर्व्हेपासून तोडा आणि मे अखेर ते ऑक्टोबर पूर्ण करा, एक फेरी उन्हाळ्यात. ज्याने सर्व्हे केला त्याचं नाव, सही आणि तारखा रिपोर्टवर पाहिजेत, मूळ नोंदवही जोडलेली पाहिजे, म्हणजे एप्रिलमधे चार दिवस फिरून वर्षाचं लिहिलंय की काय ते कोणालाही कळेल. जनसुनावणीच्या आधी मराठीत सारांश द्यावाच लागतो, तो पाच पानांचा नको, गावातल्या माणसाला झाडाचं गावठी नाव वाचून 'हे आमच्या सड्यावर आहे आणि यात नाही' असं उठून सांगता आलं पाहिजे. त्या धनगर मामांसारखी माणसं सुनावणीला आली आणि त्यांना बोलू दिलं तर निम्मा सर्व्हे तिथेच तपासून होईल. मामा आता नाहीत, दोन वर्षांपूर्वी गेले, त्यांच्या म्हशी मुलाने विकल्या.

आणि तुमच्याकडे एक विनंती. बातमीतल्या त्या सड्यावर मी याच वर्षी फेब्रुवारीत एकदा जाऊन आले, तिथे तळ्याच्या काठाला वाळलेले गेंद अजून उभे होते आणि सुट्या दगडांची एक मोठी पट्टी अजून कोणी हलवलेली नाही. सुनावणी अजून व्हायची आहे. ७ जूनच्या सुमारास मृग लागतो, पाऊस वेळेवर आला तर १५ तारखेपर्यंत कातळ भिजलेला असेल. तुमचा वार्ताहर पाठवा, फोटोग्राफरही पाठवा, मी सोबत येते, भाडं वगैरे काही नको. पाय सरकणार नाही असे बूट घालून या आणि येताना ऑफिसातली रद्दी घेऊन या, माझ्याकडची संपत आलीये.

आपली विश्वासू,
एक फील्ड बायोलॉजिस्ट, जि. रत्नागिरी
(नाव छापू नये ही विनंती)